घोड्याचा पाय आणि धन्याचा हिशेब

बीड जिल्ह्याच्या नकाशावर बोट ठेवून इतिहास वाचू लागलो, तर पानापानांतून टापांचा आवाज ऐकू येतो. गेवराई तालुक्यात गोदावरीच्या काठी राक्षसभुवन आहे. तेथे १० ऑगस्ट १७६३ रोजी मराठ्यांच्या घोडदळाने निजामाच्या फौजेचा पराभव केला. थोरले माधवराव पेशवे त्या वेळी अवघे अठरा वर्षांचे होते. निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर रणात पडला आणि मधून पुराने फुगलेली गोदावरी वाहत असल्यामुळे पलीकडच्या निजामाला त्याच्या मदतीस येता आले नाही. पाटोद्याच्या सीमेपलीकडे खर्डा आहे. तेथे १७९५ साली पुन्हा हेच दोन पक्ष समोरासमोर उभे राहिले. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला अंबाजोगाई आहे. हे गाव निजामी अमलात मोमिनाबाद म्हणून ओळखले जाई आणि तेथे हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी होती.

लढाया कोणी जिंकल्या, तह कोणते झाले, हे इतिहासाच्या पुस्तकांत सापडते. परंतु ज्या चार पायांवर हा सारा इतिहास धावला, त्या पायांचे काय झाले, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. घोडा लंगडा का होतो, त्याचे हाड का मोडते, ते मोडू नये म्हणून आपल्या पूर्वजांनी काय केले आणि आज जगभरच्या शर्यतींच्या मैदानांवर काय केले जाते, याचा थोडा मागोवा घेण्याचा आमचा विचार आहे. हा विषय धर्मग्रामातील कुटुंबांसाठी कशाला, असे कोणाला वाटेल. लेखाच्या अखेरीस त्याचे उत्तर मिळेल, अशी आमची आशा आहे.

नालबंदी आणि छावणी

मराठी राज्याच्या लष्करात दोन प्रकारचे स्वार असत. ज्याला सरकारी पागेतून घोडा मिळे तो बारगीर, आणि जो स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस येई तो शिलेदार. मोहीम निघण्यापूर्वी शिलेदाराला जी आगाऊ रक्कम दिली जाई तिला ‘नालबंदी’ म्हणत. शब्द मोठा बोलका आहे. माणसाच्या पगाराची आगाऊ रक्कम आणि तिचे नाव मात्र घोड्याच्या नालावरून! मोहिमेचा पहिला खर्च घोड्याच्या पायासाठी करावयाचा, हे त्या काळच्या राज्यकर्त्यांना ठाऊक होते. नाल झिजला तर खूर फुटतो, खूर फुटला तर घोडा पाय वाकडा टाकतो, आणि पाय वाकडा पडला की वरच्या सांध्यावर नको तो भार येतो. दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या मुलखात हे ज्ञान पुस्तकातून शिकावे लागत नव्हते.

दुसरा शब्द ‘छावणी’. दसऱ्याला सीमोल्लंघन करून फौजा बाहेर पडत आणि पावसाळ्याच्या आधी परत येत. सभासदाच्या बखरीत शिवाजी महाराजांच्या लष्करी व्यवस्थेचे जे वर्णन आहे, त्यात पावसाळ्यातील छावणीसाठी दाणा, औषधे आणि घोड्यांसाठी गवताने शाकारलेली घरे आधीच तयार ठेवण्याची शिस्त सांगितलेली आहे. म्हणजे आठ महिने काम आणि चार महिने विसावा. हा विसावा केवळ चिखलामुळे मिळत असे, असे आपण समजतो. परंतु आजचे पशुवैद्यक त्याच विसाव्याकडे वेगळ्या दृष्टीने पाहते; त्याकडे आम्ही पुढे येऊ.

महाराजांनी चिपळूणच्या छावणीतील अधिकाऱ्यांना लिहिलेले पत्र मराठी माणसाला परिचित आहे. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नये, हा त्यातील भाग आपण शाळेत शिकतो. त्या पत्राचा उरलेला भाग घोड्यांविषयी आहे. साठवलेला दाणागोटा आताच मनास येईल तसा उधळाल, तर ऐन पावसाळ्यात काही उरणार नाही, घोडी उपाशी मरू लागतील, आणि त्या मरणाचा दोष तुमच्यावर येईल, असा त्याचा आशय आहे. आमच्या मते या पत्रात एक फार मोठे नैतिक सत्य दडलेले आहे. घोडा श्रावणात मरतो, पण त्याला मारणारी चूक वैशाखात झालेली असते. मृत्यूच्या दिवशी कोणी हत्यार उचललेले नसते, म्हणून कोणी दोषी नाही असे होत नाही. अडीचशे-तीनशे वर्षांनी शास्त्रज्ञांनी शर्यतीच्या घोड्यांची मोडलेली हाडे सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, तेव्हा त्यांनाही जवळजवळ हेच दिसले.

मोमिनाबादचे स्वार

हैदराबाद कंटिंजंट हे निजामाच्या खर्चाने आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली उभे राहिलेले सैन्य होते. औरंगाबाद, जालना, हिंगोली, मोमिनाबाद, बोलारम अशी त्याची ठाणी होती. त्यातील घोडदळ शिलेदारी पद्धतीचे होते. स्वार आपला घोडा आणि सरंजाम घेऊन नोकरीस येई. घोडा ही त्याची पुंजी असे. १९०३ साली हे सैन्य ब्रिटिश हिंदुस्थानच्या सैन्यात विलीन झाले, त्यातूनच ‘डेक्कन हॉर्स’ या नावाची पथके आली, आणि १४ जुलै १९१६ रोजी फ्रान्समध्ये सोमच्या रणांगणावर हाय वूड या ठिकाणी विसाव्या डेक्कन हॉर्सच्या स्वारांनी भाले सरसावून मशीनगनच्या युगात घोडे घातले. शिलेदारी पद्धत मात्र त्या महायुद्धानंतर बंद पडली.

या पद्धतीचा एक गुण आणि एक दोष होता. घोडा आपला असल्यामुळे स्वार त्याला जिवापाड जपे. रोज सकाळी त्याच्या पायांवरून हात फिरवणे, खुरातील खडे काढणे, नालबंदाकडे वेळेवर नेणे, ही कामे त्याला कोणी सांगावी लागत नसत. दोष असा की, घोडा गेला तर संसारच बुडत असल्यामुळे अडचणीत सापडलेला माणूस लंगडणारा घोडाही हजेरीस उभा करण्याची शक्यता असे. माया आणि गरज यांच्या ओढाताणीत जनावर सापडते, ही गोष्ट आपल्या शेतकरी घरांना नवी नाही.

त्या काळी घोड्याच्या वैद्याला सालोत्री म्हणत. शालिहोत्र या प्राचीन अश्ववैद्याच्या नावावरून हा शब्द आला आहे. युरोपात पशुवैद्यकाची पहिली शाळा अठराव्या शतकात फ्रान्समधील लियों शहरात निघाली. इंग्लंडमध्ये १७८९ साली ‘एक्लिप्स’ नावाचा अजिंक्य शर्यतीचा घोडा मरण पावला. व्हियाल द सेंबेल या फ्रेंच पशुवैद्याने त्याचे शवविच्छेदन केले, त्यामुळे त्याचे नाव झाले, आणि १७९१ साली लंडनमध्ये पशुवैद्यक महाविद्यालय निघाले. म्हणजे आधुनिक पशुवैद्यकाच्या पायाशी शर्यतीचा एक घोडा आहे. आपल्याकडे १८६२ साली पुण्यात लष्करी पशुवैद्यक शाळा आणि १८८६ साली मुंबईत परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. मराठवाड्यात परभणीला १९७२ साली आणि उदगीरला १९८७ साली अशी महाविद्यालये निघाली.

मैदानावरचा घोडा

घोडदळ ओसरले, शर्यत राहिली. मुंबईच्या शर्यती पूर्वी भायखळ्याला होत. १८८३ पासून त्या महालक्ष्मीच्या मैदानावर होऊ लागल्या. पुण्याचे मैदान लष्कराच्या जमिनीवर १८३० साली तयार झाले. हैदराबादला सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी १८८६ साली मलकपेठेत शर्यती आणल्या. ‘इंडियन डर्बी’ ही मुंबईची मानाची शर्यत १९४३ पासून धावली जाते. आरंभी या मैदानांवर अरबी घोडे मोठ्या संख्येने असत. ते आखातातून गलबतांनी मुंबईच्या बंदरात उतरत. पुढे इंग्रजी ‘थरोब्रेड’ जातीने त्यांची जागा घेतली.

आपला दख्खनी घोडा या दोघांहून निराळा. भीमेच्या खोऱ्यातला म्हणून तो भीमथडी. बांध्याने लहान, पायाने काटक, थोड्या चाऱ्यावर आणि खडकाळ वाटेवर दूरची मजल मारणारा. त्याची उपेक्षा दीर्घकाळ झाली. मेंढपाळांच्या तांड्यांबरोबर तो कसाबसा टिकून राहिला. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने २०२४ च्या आरंभी त्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. थरोब्रेडची निवड पिढ्यान्‌पिढ्या एकाच गुणासाठी झाली, आणि तो गुण म्हणजे वेग. त्याचे हृदय मोठे, फुप्फुसे विशाल, मागच्या मांड्यांचे स्नायू प्रचंड. परंतु गुडघ्याखाली पाहावे तर नळीचे एक बारीक हाड, काही कंडरा आणि एक खूर. एवढ्यावर सारी इमारत उभी.

हाड कसे मोडते

शर्यतीच्या घोड्याचे वजन सुमारे ५०० किलो असते आणि भरधाव असताना तो ताशी ६० किलोमीटरच्या आसपास वेग गाठतो. या चौखूर धावेत प्रत्येक ढांगेत असा एक क्षण येतो की, जमिनीला पुढचा एकच पाय टेकलेला असतो. त्या क्षणी त्या एका पायावर घोड्याच्या वजनाच्या सुमारे अडीचपट भार येतो. खुराच्या वरचा जो सांधा आहे, तो या भाराने इतका वाकतो की जवळजवळ जमिनीला लागतो. त्या सांध्यामागे दोन लहान हाडे असतात. ती सांध्याला मागून आधार देतात. नळीचे खालचे टोक आणि ही दोन लहान हाडे या ठिकाणीच जीवघेणे अस्थिभंग बहुतांशी होतात.

लोकांची समजूत अशी की, पाय खड्ड्यात पडला, ठेच लागली आणि हाड मोडले. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात १९९० पासून मैदानावर मेलेल्या प्रत्येक घोड्याचे शवविच्छेदन करण्याची पद्धत सुरू झाली. त्यातून ही समजूत खोटी ठरली. मोडलेल्या जागी बहुसंख्य घोड्यांत जुनी इजा आढळली. हाडात आधीच बारीक तडे होते, काही ठिकाणी ते भरून येण्याची धडपड चालू होती. घोडा त्या दिवशी मोडला नव्हता. तो काही आठवड्यांपासून मोडत होता.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. हाड म्हणजे दगड नव्हे. ते जिवंत असते आणि अंगावर येणाऱ्या भाराप्रमाणे स्वतःला घडवत असते. जर्मन शल्यविशारद युलिउस वोल्फ यांनी १८९२ साली हे तत्त्व मांडले. घोडा वेगाने धावला की हाडात अतिसूक्ष्म भेगा पडतात. शरीर त्या दुरुस्त करते. पण घर दुरुस्त करताना गवंडी जसा आधी कुजका भाग पाडतो आणि मग नवी भिंत चढवतो, तसेच शरीराचे असते. जुने हाड आधी काढले जाते आणि नवे भरायला कित्येक आठवडे लागतात. या मधल्या काळात ती जागा पूर्वीपेक्षा दुबळी असते. त्याच काळात पुन्हा भरधाव धावणे, लगेच दुसरी शर्यत असे घडत गेले की, भेगांचा वेग दुरुस्तीच्या वेगाला मागे टाकतो. उलट दीर्घ विश्रांतीनंतर घाईने कामाला जुंपणेही तितकेच घातक आहे, कारण सवय सुटलेले हाड हलके झालेले असते. कोवळ्या वयात अजिबात न धावलेला घोडा सुरक्षित असतो असेही नाही. हाडाला बेताचा व्यायाम लवकर मिळाला तर ते बळकट होते, असे अभ्यासकांना दिसून आले आहे. सारा प्रश्न मात्रेचा आणि वेळेचा आहे. जुन्या छावणीतला विसावा आणि छावणीनंतर हळूहळू चालीस लावण्याची रीत यांचे महत्त्व आता वाचकांच्या ध्यानात येईल.

मग मोडलेला पाय जोडता येत नाही का? माणसाचा जोडतात, तसा घोड्याचा का नाही? घोड्याच्या गुडघ्याखाली स्नायू नाहीत. रक्तपुरवठा बेताचा असतो. मोडलेले टोक पातळ कातडी फाडून बाहेर येते आणि जखम दूषित होते. शिवाय घोड्याला महिनोन्‌महिने झोपवून ठेवता येत नाही. तो तीन पायांवर उभा राहिला की, चांगल्या पायाच्या खुराच्या आत दाह होतो आणि खुराच्या आतले हाड खुरापासून सुटू लागते. १९७५ साली न्यूयॉर्कजवळच्या मैदानावर ‘रफियन’ नावाच्या अजिंक्य घोडीचा पुढचा पाय मोडला. शस्त्रक्रिया झाली, पण गुंगी उतरताच ती झोपेतच धावू लागल्यासारखी पाय झाडू लागली, पाय पुन्हा मोडला आणि तिला शांत करावे लागले. २००६ साली केंटकी डर्बी जिंकणाऱ्या ‘बार्बारो’चा मागचा पाय दोनच आठवड्यांनी पुढच्या शर्यतीत मोडला. डॉक्टरांनी आठ महिने झुंज दिली. मोडलेला पाय बराचसा सांधला. परंतु दुसऱ्या पायांचे खूर गेले आणि २९ जानेवारी २००७ रोजी त्याला निरोप देण्यात आला.

‘पाय गरम आहे’

आमच्या सेमिनरीच्या काळात एका वृद्ध मोतद्दाराशी आमची ओळख झाली होती. शर्यतीच्या घोड्यांच्या तबेल्यात त्याचे आयुष्य गेले होते. रोज पहाटे तो घोड्याच्या चारही नळ्यांवरून हाताची मागची बाजू फिरवी. तळहात कामाने जाड झालेला असतो, मागच्या बाजूला ऊब नीट कळते, असे तो म्हणे. एके दिवशी त्याला पुढचा डावा पाय किंचित गरम लागला. घोडा लंगडत नव्हता. त्याने वर कळवले. त्या दिवशी मालकाचे पाहुणे आलेले होते, घोडा धावला. शर्यतीच्या मध्यावर पडला. मैदानावर कापडी पडदे उभे राहिले, आणि पडद्यांमागून फक्त पशुवैद्य बाहेर आला.

संध्याकाळी तो मोतद्दार रिकामी मोरखी मांडीवर घेऊन बसला होता. आम्ही जवळ बसलो. तो एवढेच म्हणाला, “ब्रदर, सकाळीच सांगितलं होतं मी.”

आज जगात या दुखापती टाळण्यासाठी जे उपाय चालू आहेत, त्यांचे सार त्या म्हाताऱ्याच्या एका वाक्यात आहे. शर्यतीपूर्वी पशुवैद्याने प्रत्येक घोडा चालवून आणि सांधे दाबून तपासणे. ज्याचा संशय येईल त्याला माघारी पाठवण्याचा अधिकार मालकापेक्षा वैद्याला मोठा असणे. वेगाने किती धावला, किती शर्यतींत उतरला याची नोंद ठेवणे. मैदानाचा ओलावा आणि कठीणपणा रोज मोजणे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वेदना लपवणाऱ्या औषधांवर बंदी. वेदनाशामक गोळी किंवा सांध्यातील इंजेक्शन घोड्याचा पाय बरा करत नाही. ते फक्त पायाची तक्रार बंद करते. मग घोडा मोडक्या पायावर पूर्ण भार टाकतो.

अमेरिकेत सांता अनिता या मैदानावर २०१८-१९ च्या एकाच हंगामात ३० घोडे मेले, तेव्हा देशभर खळबळ उडाली. हाडातील दुरुस्तीचे काम कोठे चालू आहे हे दाखवणारे पेट स्कॅन यंत्र त्याच मैदानावर आले. २०२० साली राष्ट्रीय कायदा झाला आणि २०२२ पासून सर्व मैदानांसाठी समान सुरक्षा नियम लागू होऊ लागले. तेथे २००९ साली शर्यतीत उतरलेल्या दर हजार घोड्यांमागे २ मृत्यू होत. २०२३ साली हे प्रमाण १.३२ वर आले. हे प्रमाण अजूनही दुःखदच आहे. परंतु ज्याला आपण दैव म्हणत होतो, त्याचा एक तृतीयांश भाग माणसाच्या निष्काळजीपणाचा होता, हे या आकड्यांनी सिद्ध केले.

ख्रिस्तसभेची भूमिका

ख्रिस्ती परंपरेत नालबंदांना स्वतःचा आश्रयदाता आहे. सातव्या शतकातील संत एलिजियस, नोयोंचे बिशप, हे मूळचे सोनार. त्यांचा सण १ डिसेंबरला येतो. त्यांच्याविषयी अशी आख्यायिका आहे की, एक बिथरलेला घोडा नाल ठोकू देईना, तेव्हा संतांनी त्याचा पाय अलगद काढला, त्याला नाल ठोकला आणि पाय पुन्हा जागच्या जागी बसवला. फ्लॉरेन्समधील ओर्सानमिकेले मंदिराच्या भिंतीवर हा प्रसंग कोरलेला आहे. आख्यायिका आहे खरी. पण घोड्याला न दुखवता काम करणारा कारागीर हाच संतांचा आदर्श, हे तिच्यातून लोकांनी सांगितले.

इटलीतील सिएना शहरात पवित्र मरियेच्या सन्मानार्थ २ जुलै आणि १६ ऑगस्ट रोजी ‘पालिओ’ नावाची शर्यत होते. शर्यतीत उतरणारा प्रत्येक मोहल्ला आपला घोडा आपल्या प्रार्थनामंदिरात नेतो, धर्मगुरू त्याला आशीर्वाद देतात आणि जिंकून ये म्हणून निरोप देतात. शर्यत नगरचौकातील दगडी फरशीवर माती पसरून होते. सान मार्तिनो नावाच्या उताराच्या वळणावर घोडे घसरून पडत आणि काही प्राणास मुकत. आशीर्वाद दिलेला घोडा तासाभरात मरून पडावा, ही गोष्ट श्रद्धावंतांनाही टोचू लागली. तेव्हा त्या वळणावर भिंतीला गाद्या लावण्यात आल्या, घोड्यांची वैद्यकीय तपासणी कडक झाली आणि नाजूक पायांच्या शुद्ध थरोब्रेडऐवजी या शतकाच्या आरंभापासून मिश्र जातीचेच घोडे घेतले जाऊ लागले. आशीर्वादाचे पाणी शिंपडले म्हणजे आपली जबाबदारी संपत नाही, हे सिएनाच्या लोकांना कळले.

ख्रिस्तसभेची शिकवणूक याबाबतीत स्पष्ट आहे. १५६७ साली पोप संत पायस पाचवे यांनी माणसांच्या जिवाशी खेळणाऱ्या बैलझुंजींविरुद्ध फर्मान काढले. कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथ प्राण्यांचा उपयोग करण्यास मनाई करत नाही. पण त्यांना विनाकारण यातना देणे वा मारणे हे मानवाच्या प्रतिष्ठेला साजेसे नाही, असे सांगतो. नीतिसूत्रांच्या बाराव्या अध्यायात नीतिमान माणसाची एक खूण दिलेली आहे. ती अशी की, तो आपल्या जनावराच्या जिवाची काळजी घेतो. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात हाच धागा पुढे नेला.

आपल्या गावात

आता पहिल्या प्रश्नाकडे येऊ. बीड जिल्ह्यात शर्यतीच्या घोड्यांचे तबेले नाहीत. मार्गशीर्षात नांदेडच्या माळेगावला खंडोबाच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो, तेथे हौशी लोक जातात, लग्नाच्या वरातीला घोडी येते, तेवढाच संबंध. परंतु बैल आहेत. बैलगाड्यांच्या शर्यतींवर सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी बंदी घातली. महाराष्ट्राने २०१७ साली कायद्यात दुरुस्ती केली. १६ डिसेंबर २०२१ रोजी अटींसह परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. शर्यत कायदेशीर झाली, हे अनेकांनी गुलाल उधळून साजरे केले. पशुवैद्याचा दाखला, टोचणी आणि काठी यांना मनाई या अटींवर मात्र गुलाल उडाला नाही. ज्या घरांत बैल शर्यतीत उतरतो, त्यांनी घोड्याच्या हाडाची वरील कथा आठवावी. बैलाचे हाडही असेच जिवंत असते, असेच शांतपणे तडकते आणि आपली तक्रार तोंडाने सांगत नाही.

दसरा-दिवाळी झाली की आपल्या जिल्ह्यातील हजारो कुटुंबे कोयता घेऊन साखर कारखान्यांकडे निघतात. आमच्या धर्मग्रामातीलही काही घरांना कुलुपे लागतात. शिलेदाराला मोहिमेपूर्वी नालबंदी मिळे. ऊसतोड मजुराला मुकादमाकडून उचल मिळते. नालबंदी घोड्याच्या पायासाठी खर्च होई. उचल मात्र मुलीच्या लग्नात किंवा जुन्या देण्यात जाते. बैलांच्या पत्रीसाठी आणि स्वतःच्या पोटासाठी काही उरत नाही. मग टायरगाडीवर मोळ्या चढत जातात. खांदेसूज आलेला बैल पुन्हा जुंपला जातो, कारण खेप चुकली तर उचल फिटत नाही. आणि ज्या हातांनी त्याला जुंपले, त्या हातांच्या मालकाची कंबरही त्याच मोळ्यांनी गेलेली असते. पाळीच्या वा आजारपणाच्या दिवशी खाडा पडला तर दंड कापला जातो, म्हणून आपल्या जिल्ह्यातील किती बायाबापड्यांनी तरुण वयात गर्भपिशवी काढून घेतली, ही गोष्ट २०१९ साली साऱ्या देशाने वाचली आणि शासनाला चौकशी समिती नेमावी लागली.

शर्यतीच्या घोड्याला वेदनाशामक टोचून धाववणे आणि बाईच्या देहातून ‘अडचण’ काढून तिला फडात उभे करणे, या दोन गोष्टींची तुलना करताना आमची लेखणी थरथरते. माणूस म्हणजे जनावर नव्हे. तो परमेश्वराच्या प्रतिमेत निर्माण झालेला आहे. परंतु हिशेब करणाऱ्या वहीत दोघांचा रकाना एकच झाला आहे, हे नाकारता येत नाही. दोन्हीकडे देह आधी कुरकुरतो, मग त्याची कुरकूर बंद केली जाते, आणि शेवटी तो मोडला की त्याला दैव म्हटले जाते.

जुन्या करारातील गणना या पुस्तकात बलाम आणि त्याच्या गाढवीची गोष्ट आहे. वाटेत देवदूत तलवार घेऊन उभा असतो. तो गाढवीला दिसतो, बलामला दिसत नाही. ती वाट सोडते, भिंतीला अंग घासते, शेवटी बसकण मारते. आणि तीन वेळा मार खाते. मग परमेश्वर तिला वाचा देतो, आणि बलामचे डोळे उघडल्यावर त्याला कळते की, आपण जिला मारत होतो तिने आपला जीव वाचवला. आम्ही हा पाठ अनेकदा वाचला आहे. त्या मोतद्दाराला भेटल्यापासून तो वाचताना आमच्या डोळ्यांसमोर एक गरम पाय येतो.

येत्या १७ जानेवारीला, संत अँथनी मठाधिपती यांच्या सणाला, ज्यांच्या घरी जनावरे आहेत त्यांनी ती आशीर्वादासाठी चर्चच्या अंगणात जरूर आणावीत. पण आणण्यापूर्वी घरच्या कर्त्याने त्यांच्या चारही पायांवरून आणि खांद्यावरून हात फिरवावा. कोठे ऊब लागली, सूज दिसली, तर आधी पशुवैद्याकडे जावे आणि चार दिवस जू उतरवून ठेवावे. आशीर्वादाला उशीर झाला तरी चालेल. आणि जी कुटुंबे त्या वेळी फडावर असतील, त्यांच्या प्रकृतीची चौकशी करण्यासाठी आपल्यापैकी कोण जाणार, हे पुढील रविवारच्या मिस्सानंतर आपण मिळून ठरवू.